घटनाकाका

"हे घटनेत बसत नाही," आतून कोणीतरी म्हणालं, आणि मी समोशांचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची मीटिंग चालली होती. मी पहिल्यांदाच आले होते. पुण्यात माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली; मराठी आम्ही मार्कांपुरतं शिकलो. घटना म्हणजे 'घटनास्थळी पोलीस दाखल' यातली घटना, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे आत काहीतरी वाईट झालंय आणि ते कशात तरी बसवायचा प्रयत्न चाललाय, असं समजून मी डोकावले.

पोलीस नव्हते. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. त्यांच्यासमोर एक उंच, काटकुळा म्हातारा उभा होता. गळ्यात टाय, अंगात स्वेटर, आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून दोन्ही पायांना सायकलच्या क्लिपा. वाद पुरणपोळीचा होता. गणपतीच्या जेवणाला लोक मुद्दाम आरती चुकवून, थेट पंगतीला येतात, म्हणून उशिरा येणाऱ्यांना पुरणपोळी देऊ नये, असं चिटणिसांचं म्हणणं होतं. हात वर करा, मोजू या, विषय संपवू या. हॉल त्यांच्या बाजूने होता. म्हातारा नव्हता. पंगत किती वाजता बसवायची, यावर खुशाल मत घ्या, तो सांगत होता. आरती आधी की जेवण आधी, त्यावरही घ्या. पण जो सभासद आहे त्याचं ताट हात मोजून काढून घेता येणार नाही.

"उद्या मोजणारे म्हणतील, जाड लोकांना एकच पोळी," तो म्हणाला. "मग तुम्ही काय कराल, चिटणीस?"

चिटणीस चांगलेच जाड होते. सगळे हसले, तेही हसले, आणि मी ट्रे टेबलावर ठेवला.

घरी आल्यावर मी घटना या शब्दाचा दुसरा अर्थ शोधला आणि रूथला ही गोष्ट सांगितली. रूथ आणि मी एकत्र राहत होतो. ती इथलीच, बेडफर्डजवळच्या एका गावातली, शाळेत शिकवायची. मंडळात ती माझी 'फ्लॅटमेट' होती. ती माझी खरी कोण, ते सांगायला माझ्याकडे मराठीत शब्द नव्हता. इंग्रजीत होता, पण तो मी कोणाला सांगत नव्हते.

म्हाताऱ्याला सगळे काका म्हणायचे आणि पाठीमागे घटनाकाका. मंडळाची घटना त्यांनीच लिहिली होती, मंडळ स्थापन झालं तेव्हा. ती त्यांना तोंडपाठ होती आणि इतर कोणी ती वाचलेली नव्हती. ते मूळचे अमरावतीचे. वडील वकील. साठच्या दशकात इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला आले आणि पुढे हे नवं शहर उभं राहत होतं, तेव्हा इथले रस्ते आखणाऱ्या ऑफिसात लागले. या शहरात जिकडे जाल तिकडे राउंडअबाउट आहेत, मधल्या गोल बागेला वळसा घालून जायचे बिनसिग्नलचे चौक. लोक त्यावर विनोद करतात. काका करत नसत. राउंडअबाउट हे माणसाने लावलेल्या सर्वांत सभ्य शोधांपैकी एक आहे, असं त्यांचं मत होतं.

स्वतः त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नाही. ते सायकलवर हिंडायचे, लाल डांबराच्या त्या सायकलरस्त्यांवरून, ज्यांना इथे रेडवे म्हणतात. मग गुडघ्याने संप केला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. क्लिपा मात्र सुटल्या नाहीत. बाहेर निघताना ते वाकून, कण्हत, दोन्ही पायांना क्लिपा लावायचे आणि माझ्या गाडीत येऊन बसायचे. मी त्यांच्या घराजवळ राहायचे म्हणून त्यांना मीटिंगला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मला लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते आणि कोणी बाजूला बसलं की माझे हात घामेजायचे.

काकांना घेऊन गाडी चालवणं सोपं नव्हतं. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय राउंडअबाउटमधून बाहेर पडायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आपला एक्झिट आला आणि काका बोलण्याच्या मध्यावर असले, तर ते बोट गोल फिरवून म्हणायचे, "फेरी मार." मी फेरी मारायचे. मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवायचा. काका त्याला खिडकीतून हात दाखवायचे, आशीर्वाद दिल्यासारखा, आणि पुढे बोलायचे. एकदा त्यांनी मला संसदेची दोन सभागृहं समजावून सांगितली तेव्हा आम्ही त्याच गोल बागेभोवती इतके फिरलो की तिथली डॅफोडिल्स मला ओळखीची वाटायला लागली.

"ठरत नसलं तर फेरी मारायची," ते म्हणायचे. "सरळ रस्त्यावर ही सोय नाही."

त्यांचा आवडता सिद्धांत मी असाच फिरत फिरत ऐकला. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. उजवीकडून एकटा सायकलवाला येतोय आणि इकडे ट्रकांची ही रांग लागलीय. कोण थांबतं? रांग थांबते. रांग लांब आहे म्हणून तिला आधी सोडत नाहीत. आता समजा, रांगेला विचारलं, आधी कोणी जावं? हात वर करा. सगळे ट्रक हात वर करतील. मग तो सायकलवाला त्याच्या आयुष्यात पलीकडे जाईल का?

"नाही," मी म्हणाले.

"मग त्याला काय उपयोग तुमच्या लोकशाहीचा? कुठला रस्ता बांधायचा ते लोकांना विचारा. कर किती लावायचा ते विचारा. पण रस्त्यावर कोणी यायचं, ते नाही विचारायचं. तेवढं आधी, डोकं थंड असताना लिहून ठेवायचं. त्यालाच घटना म्हणतात. आता सोड डावीकडे."

इंग्लंडवर त्यांचा एकच राग होता. चाळीस वर्षं ते लिखित घटना नसलेल्या देशात राहिले होते, आणि तो त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. इथे पार्लमेंट आज देतं आणि उद्या काढून घेऊ शकतं, ते सांगायचे, मग स्वतःच्याच विनोदावर आधी हसून घ्यायचे आणि म्हणायचे, "या देशाला घटना नाही. इथे नुसत्या घटना घडतात." हा विनोद त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी मला तो आवडायला लागला.

त्यांचा त्रासही होता, नाही असं नाही. मीटिंगमध्ये ते टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर घेऊन बसायचे. बोलायची वेळ संपली की टोमॅटो किणकिणायचा आणि माणसाने बसायचं. त्यातून ते स्वतःही सुटत नसत. "त्यामुळे माझं स्पष्ट मत असं आहे की" म्हणून झालं आणि टोमॅटो वाजला, की ते खाली बसायचे आणि ते स्पष्ट मत कोणाला कधीच कळायचं नाही. मला कॉम्प्युटर येतो म्हणून त्यांनी मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'अतिवृत्त' लिहिलं. त्यांनी ते खोडलं नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलं, "अति नको." मी जे काही मराठी आज लिहिते ते त्या समासातून शिकलेलं आहे.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट. दार उघडलं ते एका गोऱ्या, उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. अंगात कार्डिगन, पायात लोकरीचे मोजे. काका मागून आले आणि हात पुढे करून म्हणाले, "हे आमचं कुटुंब."

मी त्या बाईंच्या मागे बघितलं. मग जिन्याकडे. मला वाटलं, मुलं, सुना, नातवंडं असं कोणीतरी यायचं आहे. कोणी येईना. बाई हसत उभ्या होत्या.

"कुटुंब म्हणजे बायको," काका म्हणाले. "तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये एवढंही सांगत नाहीत का?"

मी विचारलं, मग 'ही' आमचं कुटुंब का नाही? बायको 'ती' ना?

"बायको ती. कुटुंब ते. बाई असो, बुवा असो, एकटं असो की दहा जणांचं. हे आमचं कुटुंब."

"काऊन वं पोरी, दारात उभी काऊन?" त्या गोऱ्या बाई म्हणाल्या. "ये नं अंदर. लाजून रायली कायले?"

काकू नॉर्थॅम्प्टनच्या. लग्नानंतर त्या अमरावतीला सासूजवळ दोन वर्षं राहिल्या होत्या आणि सासूबाईंचं अस्सल वऱ्हाडी बोलणं तसंच्या तसं उचलून परत आल्या होत्या. काका पुस्तकी मराठी बोलायचे आणि काकू वऱ्हाडी. मंडळातल्या पुणेकर बायका काकूंशी बोलताना आधी जरा गोंधळायच्या, मग इंग्रजीवर यायच्या. काकू मराठीतच उत्तर द्यायच्या.

मराठी इतक्या हट्टाने का शिकलात, असं मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात चिवड्याचे दाणे परतत होतो. त्या सांगायला लागल्या. हे मंडळ होण्याच्या पुष्कळ आधी, लंडनजवळच्या कुठल्याशा मराठी लोकांच्या गणपतीला काका त्यांना घेऊन गेले होते. नवीन लग्न. कोणीतरी मुद्दा काढला की गोऱ्या बायकांना गणपतीच्या नैवेद्याच्या स्वयंपाकघरात येऊ द्यावं का. वाद नको म्हणून मत घ्यायचं ठरलं. काका बाहेर कोणाच्या तरी गाडीतून भांडी आणत होते. ते आत आले तेव्हा हात वर झाले होते.

"मले मराठी येत नव्हती तवा," काकू म्हणाल्या. "सगळ्यायनं हात वर केले, मीबी केला. मले वाटलं, लाडू कोणाले पायजेत थे इचारून रायले."

त्या हसत होत्या. मी हसायचा प्रयत्न केला. डोळ्यांसमोर एक तरुण इंग्लिश मुलगी येत होती, नव्या साडीत, सगळ्यांसारखा हात वर करून बसलेली, आणि दारात पातेलं घेऊन उभा असलेला तिचा नवरा. काकांनी तेव्हा काय केलं, मी विचारलं. काही नाही केलं, काकू म्हणाल्या. पातेलं खाली ठेवलं आणि माझा हात धरून मला घरी आणलं. मग इथे मंडळ काढलं तेव्हा पहिलं ते लिहिलं.

ते म्हणजे सातवं कलम. नंतर मला तेही पाठ झालं: कोणत्याही सभासदाचे वा त्याच्या कुटुंबाचे हक्क बहुमताने कमी करता येणार नाहीत, आणि हे कलमही बहुमताने बदलता येणार नाही.

हे कलम कधी कोणाला लागलं नव्हतं, पुरणपोळीचा अपवाद सोडला तर. मग मंदारने लग्न केलं.

मंदार इथेच जन्मलेला. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तबला वाजवायचा. लहान होता तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीत काकांच्या खांद्यावर बसून झांज वाजवायचा, असे फोटो होते. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना जोडीदार म्हणून नोंदणी करू देणारा सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती. एका रविवारी मीटिंग संपल्यावर तो काकांकडे आला. बरोबर त्याचा मित्र अँड्र्यू होता, ज्याला आम्ही सगळे 'तबला उचलणारा' म्हणून ओळखत होतो.

"काका, आम्ही रजिस्टर केला," मंदार म्हणाला. "मी आणि अँड्र्यू. माझा लग्न झाला."

खुर्च्या रचणारे हात थांबले. काकांनी हातातला टोमॅटो टेबलावर ठेवला.

"झालं," ते म्हणाले.

"काय?"

"लग्न झालं. ते लग्न. तो लग्न नव्हे."

मंदार मोठ्याने हसला. मला ते हसणं आठवतं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी एक खुर्ची धरून उभी होते आणि ती कुठे ठेवायची ते मला सुचत नव्हतं.

त्या वर्षी मंदारने फॅमिली मेंबरशिप मागितली. चिटणीस अडचणीत आले. ते वाईट नव्हते, हे सांगायला हवं. ऐन थंडीत आमचा बॉयलर बंद पडला तेव्हा तेच त्यांच्या घरचा हीटर घेऊन आले होते. ते म्हणत, मंदारशी माझं काही भांडण नाही. तो यावा, तबला वाजवावा, त्याच्या मित्राने जेवून जावं. पण 'कुटुंब' म्हणून दोघे आरतीला जोडीने उभे राहिले, तर आमची मुलं विचारणार. आपण काय सांगायचं? नुसतं घटनेत लिहू या की कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची मुलं. वार्षिक सभेत मत घेऊ. बहुमत जे म्हणेल ते मला मान्य. याच्याहून फेअर काय असतं?

काकांनी ऐकून घेतलं. मुद्दा सभेत मांडा, एवढंच म्हणाले.

सभेच्या आधीच्या रविवारी मी त्यांना घरी सोडत होते. राउंडअबाउटवर आलो. मी विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले.

"मला हे पटत नाही, बरं का," ते म्हणाले. "त्या पोराला मी खांद्यावर बसवलंय. पण मला ते बघवत नाही. कोणी मला विचारलं आणि हात वर करायला सांगितला, तर माझा हात चिटणिसाबरोबर जाईल."

माझा एक्झिट गेला. त्यांनी फेरी मार म्हटलं नव्हतं. मी स्टिअरिंग धरून गोल फिरत राहिले. घरी रूथ सूप करून वाट बघत असणार होती. गेल्या आठवड्यात आम्ही भांडलो होतो. आमच्यात भांडण म्हणजे दोघी फार हळू बोलतो. ती म्हणाली होती, तुझ्या लोकांनी मला स्वीकारावं असं मी म्हणत नाही; मला फक्त कळत नाही की मी अजून किती वर्षं तुझी भाडेकरू असणार आहे. आणि इथे माझ्या शेजारी तो माणूस होता ज्याच्या भरवशावर मी बसले होते, आणि तो सांगत होता की त्याला बघवत नाही.

"मग मत का नाही घेऊ देत?" मी विचारलं.

"म्हणूनच." ते समोर बघत होते. "मला चालतं त्याच गोष्टीला संरक्षण द्यायचं असेल, तर घटना कशाला हवी? त्याला माझा चांगला स्वभाव पुरे. माझ्यासारखी माणसं हॉलभर बसलेली असतील, त्या दिवसासाठी लिहिलंय ते." मग म्हणाले, "तेव्हाही हात वर करणारे सगळे माझे मित्रच होते. भले लोक. एकाने तर आम्हाला लग्नात मिक्सर दिला होता."

मी अजून फिरत होते.

"तुझा एक्झिट चुकतोय," काका म्हणाले.

वार्षिक सभा दिवाळीनंतर, नोव्हेंबरात झाली. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून रूथने मला आणि काका-काकूंना तिच्या गाडीतून आणलं आणि स्वतः बाहेर कार पार्कमध्ये वह्या तपासत बसली. आत ये म्हणायची पद्धत आमच्यात नव्हती.

हॉल भरला होता. मंदार आणि अँड्र्यू पहिल्या रांगेत, त्या बुटक्या खुर्च्यांवर. मी इतिवृत्ताला बाजूच्या टेबलाशी. चिटणिसांनी ठराव वाचला. त्यांनी तयारी केली होती. म्हणाले, अमेरिकेत आत्ताच कॅलिफोर्नियात लोकांनी मत देऊन ठरवलं की लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्री. एवढा पुढारलेला देश. तिथे चालतं तर आपल्याला काय हरकत आहे?

"तिथे आधी अशी लग्नं लागली, मग हात मोजले," काका म्हणाले. "अक्षता टाकून झाल्यावर परत मागत नाहीत, चिटणीस. हा ठराव मी दाखल करून घेत नाही. कलम सात."

हॉलमध्ये कुजबुज झाली. चिटणीस म्हणाले, हे तुम्ही एकटे कसं ठरवणार? काका म्हणाले, सभेत अध्यक्ष ठरवतो, आणि आज अध्यक्ष मी आहे. मागून कोणीतरी म्हणालं, मग अध्यक्षच बदला.

मला वाटलं, आता ते चिडणार. त्यांचा चेहरा उलट खुलला, गाडीत एखादा चांगला प्रश्न विचारल्यावर खुलायचा तसा.

"हे घटनेत बसतं," ते म्हणाले. "अविश्वासाचा ठराव. कोणी मांडतंय? अनुमोदन? छान."

आणि त्यांनी स्वतःच्या विरुद्धचं मत स्वतः घेतलं. टोमॅटो फिरवून चर्चेला वेळ दिला. कोणी बोलेना, तर टोमॅटो वाजेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवलं. मग म्हणाले, अध्यक्षांना काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

"आधी सांग, हात कायच्यासाठी हाय थो," दुसऱ्या रांगेतून काकू म्हणाल्या.

"मला काढायला."

"मंग मी नाही करत."

लोक हसले, पण हात वर गेले. काकांनी बोट दाखवत, ओठ हलवत, शांतपणे मोजले. एका बाईंचा हात अर्धाच वर होता. नीट वर करा, मोजता येत नाही, असं त्यांना सांगितलं. मग विरुद्ध मतं मागितली. मी पेन खाली ठेवून हात वर केला. मंडळात मी पहिल्यांदाच हात वर करत होते आणि तो मला फार लांब वाटत होता. आम्ही थोडे होतो.

"ठराव मंजूर," काका म्हणाले. "मी गेलो. लिहून घे."

मी लिहून घेतलं. चिटणिसांना त्यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून समोर बोलावलं, टोमॅटो त्यांच्या हातात दिला आणि घटनेचं पान उघडून दिलं. मग म्हणाले, आता ठराव तुमच्यापुढे आहे. अध्यक्षाने आधी संबंधित कलम मोठ्याने वाचायचं असतं. तेवढं वाचा आणि मग घ्या मत.

चिटणिसांनी वाचलं. कोणत्याही सभासदाचे वा त्याच्या कुटुंबाचे. तिथे ते थांबले. समोर मंदार बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून, शाळेतल्या मुलासारखा. चिटणिसांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हॉलकडे, मग पुन्हा कागदाकडे. पुढचं वाक्य त्यांनी फार हळू वाचलं. टोमॅटो त्यांच्या हातात टिकटिकत होता.

"काका, तुम्ही मला अडकवलंत," ते म्हणाले.

"मला काढता येतं. त्याला नाही," काका म्हणाले. "एवढंच आहे ते."

चिटणिसांनी घाम पुसला. "पुढचा विषय," ते म्हणाले. "मेंबरशिप रिन्यूअल. चहा घेता घेता करू या."

खुर्च्या सरकल्या. काकू मंदारला आणि अँड्र्यूला एकदम, एकाच मिठीत घेऊन काहीतरी सांगत होत्या. कोणी काकांशी बोलायला जात नव्हतं आणि त्यांना ते लक्षातही आलं नसावं. ते दाराजवळच्या बाकावर बसून, कण्हत, पँटला क्लिपा लावत होते. मंदार त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. काकांनी वर पाहिलं, त्याच्याकडे, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या अँड्र्यूकडे, आणि अँड्र्यूला इंग्रजीत विचारलं की तबला गाडीत नीट बांधून ठेवतोस ना, वादी सैल पडते थंडीत. त्यांना अजून बघवत नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी ते बघत होते.

चिटणीस माझ्या टेबलाशी आले. चहाचा कप, बगलेत टोमॅटो. तुझं काय, तू सिंगलच ना, तसंच ठेवतो, असं म्हणून ते पुढे जायला लागले. दर वर्षी ते असंच म्हणायचे आणि मी मान हलवायचे.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि थंडीबरोबर रूथ आत आली. सभा लांबली होती आणि गाडीत बसून ती गारठली होती. नाक लाल, बगलेत मुलांच्या वह्या. पायपुसण्यावर ती थांबली. त्याच्या पुढे यायचं की नाही ते तिला माहीत नव्हतं. चिटणिसांनी तिला ओळखलं. "अगं, तुझी फ्लॅटमेट आली बघ," ते प्रेमाने म्हणाले, आणि बाकावरून काकांनी मान वर केली.

रूथने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, दारापर्यंत गेले आणि तिच्या हातातल्या वह्या घेतल्या. मला दोन वाक्यं येत होती, एक इंग्रजीतलं आणि एक उसनं घेतलेलं. मी चिटणिसांकडे वळले, पण बाकाकडे बघून बोलले.

"हे आमचं कुटुंब."